काचवाल्याच्या गाडीवरची चादर

मित्रांनो, मी एक जुनी व्हॅन आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मी रडणार नाही. जुन्या वस्तूनं तोंड उघडलं की तिनं गळा काढलाच पाहिजे असं तुम्हाला वाटत असेल, तर ते डोक्यातून काढा. मी तुम्हाला एका चादरीची गोष्ट सांगणार आहे. ती चादर तीन वर्षं माझ्या अंगावर होती आणि सगळी गल्ली तिला प्रेम म्हणायची.

माझा जन्म कारखान्यात झाला. कुणी लाडानं घडवलं वगैरे काही नाही. पत्रा आला, ठोकला, जोडला, पांढरा रंग मारला, की पुढची. माझं इंजिन बसवणाऱ्या कामगाराचं सगळं लक्ष जेवणाच्या सुट्टीकडे होतं, पण नट त्यानं चोख आवळले. मला तेवढं पुरलं. लाड नसले तरी चालतं, नट आवळलेले लागतात.

मला विकत घेतलं एका काचवाल्यानं. खिडक्यांना, दारांना, कपाटांना काचा बसवायचा त्याचा धंदा. एका शटरचं दुकान, वर दोन खोल्या, दुकानापुढे एक गाडी उभी राहील एवढीच जागा. मला आणल्या दिवशी त्यानं मागची सीटं काढली आणि तिथं एक तिरकी लाकडी चौकट ठोकली. तिला घोडी म्हणतात. काचा आडव्या नेल्या तर स्वतःच्याच वजनानं तडकतात, म्हणून त्या उभ्या, घोडीला टेकवून न्यायच्या. घोडीला त्यानं जुन्या सतरंजीच्या पट्ट्या मारल्या. आणि घरात एक कायदा केला: गाडीत काच असो वा नसो, मागे काच आहे असं समजूनच चालवायचं.

हा कायदा त्या घरानं असा पाळला की विचारू नका. थोरल्या मुलीला गाडी शिकवताना काचवाल्यानं घोडीवर एक सुटी काच ठेवली होती. काच वाजली की गाडी वळवायची, दुकानापाशी आणायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. पोरगी महिनाभर गल्लीचं टोक ओलांडू शकली नाही. पण शिकली. गतिरोधकावर मी अशी चढायचे, जशी मांजर झोपलेल्या माणसाच्या अंगावरून जाते. त्यामुळे माझं नाव पडलं गोगलगाय. गोगलगाय आली, गोगलगाय गेली. घरची माणसंही हसत सांगायची की आमच्या गाडीला दम नाही हो, पण गुणाची आहे. हे इतक्या वेळा ऐकलं की मलाही वाटायला लागलं, नसेल बुवा आपल्यात दम.

एकोणीस वर्षं मी काम केलं. दवाखान्याच्या काचा नेल्या, दुकानांचे आरसे नेले. वादळानं ज्यांच्या खिडक्या फोडल्या त्यांच्याकडे दिवसाला चार-चार फेऱ्या मारल्या. एकदा एका म्हातारीच्या स्वयंपाकघराला नवी खिडकी बसवली, तर ती बाई काचवाला निघून गेला तरी काचेपाशी उभी राहून बाहेर बघत होती. इतकी वर्षं तिथं पत्रा ठोकलेला होता. एकोणीस वर्षांत माझ्यात एकही काच फुटली नाही. एकही. हे मी बढाई म्हणून सांगतेय, आणि सांगणारच. कमावलेली बढाई मारायला लाज कसली?

मग काचवाल्याचे डोळे बिघडले. एके दिवशी त्यानं नवी काच खिडकीच्या चौकटीच्या अंगठाभर बाहेर टेकवली आणि सोडली. ती फुटली तरी बराच वेळ त्याला कळेना की काय चुकलं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तो एकटाच जाऊन आला. घरी एवढंच सांगितलं की काही दिवस गाडी चालवायची नाही, डोळे निवळले की बघू. मग कपाटातली जाड चादर काढली, माझ्यावर घातली आणि चारी टोकं नीट बांधली.

काही दिवसांची तीन वर्षं झाली.

आता लक्ष देऊन ऐका. त्या तीन वर्षांत माझ्यावर किती प्रेम झालं म्हणून सांगू! काचवाला रोज सकाळी चादर झटकायचा. ‘ही घरचीच आहे, हिला हात लावायचा नाही,’ असं सगळ्यांना बजावायचा. शेजारीपाजारी म्हणायचे, बघा, याला म्हणतात माया. आई, म्हणजे काचवाल्याची बायको, माझ्या आरशाला दोरी बांधून कपडे वाळत घालायची. आणि चादरीच्या आत माझी बॅटरी उतरली. टायर बसले. उंदरांनी वायरी कुरतडल्या आणि सतरंजीच्या पट्ट्यांत पिल्लं घातली. दारांच्या खालच्या कडांना गंज धरला. बॉनेट उघडून आत डोकवावं असं एकालाही वाटलं नाही. मायेनं गंज थांबत नाही, मित्रांनो. ऑइलनं थांबतो.

धंदा तोवर थोरलीनं अंगावर घेतला होता. मोजायचं, कापायचं, बसवायचं, सगळं ती करायची. काचवाला दुकानात बसून कापलेल्या काचांच्या कडा घासायचा, कारण ते काम बोटांना कळतं. पण माल न्यायला थोरलीला भाड्याचा टेम्पो लागायचा, आणि भाड्याच्या टेम्पोवाल्याला मागे काच आहे की कांदे, काय फरक पडतो? काचा फुटायला लागल्या. दोन गिऱ्हाइकं तुटली. मला बाहेर काढते म्हटलं की काचवाला म्हणायचा, थांब, डोळे निवळू दे. नवी गाडी घेते म्हटलं तर ठेवणार कुठं? जागा एकच, आणि तिथं मी, चादर पांघरून, देवासारखी बसलेली.

अशात तिला एका नव्या शाळेच्या खिडक्यांचं काम मिळालं. तिनं आजवर केलं नव्हतं एवढं मोठं काम. शाळा उघडायच्या आत सगळ्या खिडक्या बसायला हव्या होत्या. एक जरी खेप फुटली तर काम दुसऱ्याला जाणार होतं, आणि त्यानंतर दुकानाचं शटर वर करायला कारण उरलं नसतं. त्या रात्रीच्या जेवणात तिनं सांगून टाकलं की गाडी विकायची. काचवाला ताटावरून उठला.

धाकट्या मुलाला फोन गेला. तो दूर दुसऱ्या शहरात नोकरी करायचा. तीन वर्षांत त्यानं माझ्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, पण विकायचं म्हटल्यावर त्याचा ऊर भरून आला. माझं अख्खं बालपण आहे गं त्या गाडीत, म्हणाला.

थोरली म्हणाली, "बालपण आहे ना? मग घेऊन जा. उद्याच दोरी बांधून पाठवते. टायरांचा खर्च तेवढा तुझा."

धाकट्याला अचानक नीट ऐकू येईनासं झालं. फोन कट झाला.

आधी भंगारवाला आला. त्यानं माझ्या दारावर बोटांच्या पेरांनी टकटक केलं आणि वजनावर भाव सांगितला. कलिंगडसुद्धा लोक याहून आदरानं वाजवतात. थोरलीनं त्याला वाटेला लावलं. मग ती गॅरेजवाल्याला घेऊन आली. त्यानं वायरी जोडल्या, बॅटरी बदलली, टायर बदलले, ऑइल बदललं, आणि तीन वर्षांनी मी खोकत, फुरफुरत का होईना, सुरू झाले.

दुसरं गिऱ्हाईक होतं पलीकडच्या रस्त्यावरची बेकरीवाली. दणकट बाई, बाह्या कोपरापर्यंत वर, कपाळाला पीठ. तिला सकाळी पावाचे ट्रे पोचवायला गाडी हवी होती. चालवून दाखवा म्हणाली. थोरली स्टिअरिंगवर बसली, बेकरीवाली शेजारी. काचवाल्याला कुणी बोलावलं नव्हतं, तरी तो मागचं दार उघडून चढला आणि रिकाम्या घोडीला पाठ टेकून बसला.

आणि थोरलीनं मला चालवलं, जशी त्या घरात मी नेहमी चालले तशी. खड्डा दिसला की थांबा, विचार करा, मग उतरा. एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला. मग एक कुत्रं गेलं, तेही लंगडणारं. बेकरीवालीनं बराच वेळ कळ काढली. शेवटी म्हणाली की पोरी, गाडी देखणी आहे, पण मी पहाटे भाजलेला पाव तुझ्या या वेगानं पोचायच्या आत म्हातारा होईल. हिचं इंजिन संपलंय. थोरलीलाही तसंच वाटत होतं. दम नाही, हे तर घरात लहानपणापासून ठरलेलं.

उतरता उतरता बेकरीवालीची नजर गिअरच्या दांड्यावर गेली. त्याच्या गोल डोक्यावर आकडे कोरलेले असतात. एक, दोन, तीन तळहातानं घासून पुसून गेले होते. पाच मात्र कोरा करकरीत. तिनं मागे वळून विचारलं, "भाऊ, हा पाचवा कधी लावलाय, की शोभेला ठेवलाय?"

काचवाला म्हणाला, "आमच्या धंद्यात लागत नाही तो."

"सरक गं," बेकरीवाली थोरलीला म्हणाली आणि स्वतः स्टिअरिंगवर बसली.

मित्रांनो, पुढचं कसं सांगू? तिनं दुसरा टाकला, तिसरा टाकला, गावाबाहेरचा मोकळा रस्ता लागला तशी चौथा टाकला आणि कुणाला न विचारता पाचवा. बावीस वर्षांच्या आयुष्यात मला पहिल्यांदा कळलं की वारा खिडकीतून आत येतो तेव्हा कसा आवाज करतो. झाडं मागे पळत होती. माझ्यात दम होता! तो मुळापासून होता! तो मागायची वेळच कुणावर आली नव्हती.

"हळू!" मागून काचवाला ओरडला. "मागे काच आहे!"

बेकरीवालीनं वेग कमी केला, गाडी कडेला घेतली आणि वळून पाहिलं. मागे रिकामी घोडी होती आणि तिला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलेला एक म्हातारा माणूस. काचवाल्यानं हात सोडले.

"नाहीये," तो म्हणाला. मग पुन्हा पाठ टेकवून, "चालव तू. चालव अजून थोडी."

दुकानापाशी आलो. बेकरीवालीला मी पसंत होते, ते तिनं लपवलंही नाही. पण आता थोरलीचा पाय निघेना. तिनं बापाला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाली की बाबा, ठेवू या हिला. हिच्यात काही कमी नाही. मीच शाळेचं काम हिच्यावर करते.

काचवाला पुन्हा माझ्यात चढला. घोडीच्या वरच्या कडेवरून त्यानं हात फिरवला. "शाळेच्या काचा केवढ्या आहेत?" त्यानं विचारलं. थोरलीनं माप सांगितलं. त्यानं विती टाकत खालून वरपर्यंत मोजलं, मग माझ्या छताला हात लावला. "छतातून दीड वीत बाहेर जातात. आडव्या नेणार आहेस?"

थोरली खाली बघत राहिली. माप तिनं आधीच घेऊन ठेवलं होतं, तेही तीनदा. काचवाल्याच्या पोरीला माप कळत नाही असं होतं का?

"माझे डोळे निवळणार नाहीत, पोरी," काचवाला म्हणाला. "डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. चादर घातली म्हणजे कुणी विचारायला नको, म्हणून घातली. ही थांबली ती माझ्यापायी. आता हिच्यापायी तू थांबू नकोस. दे त्यांना."

मी बरंच काही पाहिलंय, पण त्या तीन वर्षांत त्या माणसानं काढलेले हे पहिले खरे शब्द होते. ते ऐकून मी चादरीचा सगळा राग सोडला असं नाही. अर्धा सोडला.

आईनं माझ्या आरशाला गुंडाळून ठेवलेली दोरी सोडून घेतली. मग किल्ली देताना काचवाल्यानं माझे दोष सांगायला सुरुवात केली. सकाळी गार असताना दुसरा गिअर रुसतो, दांडा जरा अंगाकडे ओढून घ्या. मागचं दार ओढून नाही, उचलून लावा. पावसात डावीकडचा वायपर अर्ध्यात थांबतो. थोरली त्याला कोपरानं ढोसत होती, पण तो थांबेना.

बेकरीवाली म्हणाली, "भाऊ, गाडी विकताय की तिची तक्रार नोंदवताय?" पण पिठाच्या पाकिटाच्या मागच्या बाजूवर तिनं सगळं लिहून घेतलं. एकेक कलम.

आता मी पाव वाहते. घोडी काढून तिथं ट्रेचे कप्पे बसलेत. बेकरीवाली काही फार नाजूक बाई नाही. ती माझी दारं आदळते, मला खांबाला घासते आणि वर खांबालाच शिव्या देते. माझ्यावर प्रेम आहे असं ती कधी म्हणालेली नाही. ऑइल मात्र वेळेवर बदलते, आणि बदलल्याची तारीख दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहून ठेवते. दुकानापुढच्या माझ्या जागेवर थोरलीचा उंच टपाचा टेम्पो उभा राहतो.

शाळेच्या खिडक्या वेळेत बसल्या. शाळा सुरू झाली तसे तिथल्या मुलांच्या खाऊचे ट्रे आम्हीच पोचवायला लागलो. पहिल्याच दिवशी तिथं थोरली आणि काचवाला होते. एका खिडकीची कड खरखरते अशी तक्रार होती, ती बोटांनी तपासायला तिनं बापाला आणलं होतं. बेकरीवालीनं हाक मारली तसा तो आवाजाच्या रोखानं आला, चाचपडत माझ्यापाशी पोचला आणि त्यानं बॉनेटवर तळहात ठेवला.

"गरम आहे," तो थोरलीला म्हणाला, आणि हसला. एवढंच बोलला. पण हात बराच वेळ उचलला नाही.

तर मित्रांनो, तुमच्या घरातही असं काहीतरी झाकून ठेवलेलं असेल. शिवणयंत्र असेल, सायकल असेल, पेटी असेल. आज घरी गेलात की त्यावरचं कापड उचला आणि आत बघा. ठेवायचं असेल तर तेल घाला, पुसा आणि वापरा. जमत नसेल तर ज्याला त्याचं काम आहे त्याला द्या, आणि देताना त्याचे दोष खरे सांगा. पण चादर घालून ‘आमचं फार प्रेम आहे हो’ असं पुन्हा कुणाला म्हणू देऊ नका, मग ते तुमचे वडील का असेनात. त्यांना राग येईल. येऊ द्या.

चला, निघते. मधल्या सुट्टीची घंटा व्हायच्या आत अकरा ट्रे पोचवायचे आहेत, आणि पुढचा रस्ता मोकळा आहे.