मला विकायची गरज नव्हती

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. जेवणाच्या टेबलाजवळची नव्हे, केस कापायच्या दुकानातली. लोखंडी पाया, लाल रेक्झिन, मान टेकायला उशी आणि पायाने दाबला की मला वर उचलणारा दट्ट्या. दुकानात आणल्यावर मालकांनी माझ्यावर पहिल्यांदा त्यांच्या बायकोला बसवले. आरशात बघून ती म्हणाली, "राणीसारखं वाटतंय हो!"

पुष्कळ वर्षे बरी गेली. रडव्या पोरांसाठी माझ्या हातांवर आडवी फळी टाकत. मुलाखतीला निघालेले घाबरे तरुण माझ्यावर बसत आणि उठताना थोडे ताठ होऊन उठत. "खुर्ची झकास आहे," असे कुणी म्हटले की मालक उगाचच फडके घेऊन मला पुसत.

मग त्यांच्या धाकट्या भावाने त्यांच्या डोक्यात भुंगा सोडला. "दादा, बाजारात दुसरं दुकान टाकू. सही तू कर, धावपळ मी करतो." दुसरे दुकान बुडाले आणि धाकटा असा धावला की पुन्हा तोंड दाखवले नाही. कर्ज सही करणाऱ्याच्या गळ्यात पडले. वसुलीची माणसे येऊन माझ्यावर बसू लागली, दाढी न करता.

एक वकीलसाहेब आमचे जुने गिऱ्हाईक होते. एकदा मालकांच्या बायकोने त्यांना दाढी चालू असतानाच गाठले. तोंडाला फेस तसाच ठेवून ते म्हणाले, "दोन वाटा आहेत. एक, सरळ दिवाळखोरी जाहीर करा. कोर्टाचा माणूस येईल, विकण्यासारखं असेल ते विकून ज्यांचं देणं आहे त्यांना वाटेल. तुमची स्कूटर जाईल. उरलेलं बहुतेक कर्ज माफ होईल. पोटापाण्याची हत्यारं मात्र तुमचीच. कात्र्या, ही खुर्ची, यांना कुणी हात लावणार नाही."

"आणि दुसरी?" मालकांनी विचारले.

"दुसरीत काही विकायचं नाही. कोर्ट ठरवेल तो हप्ता काही वर्षं भरायचा. सगळे भरलेत, तर उरलेलं माफ. चुकलात, तर सवलत रद्द. तुमची कमाई पाहता पहिलीच घ्या."

"मग पहिलीच घेऊ या," बायको म्हणाली.

मालकांचा वस्तरा हवेतच थांबला. "गावभर दिवाळखोर म्हणून मिरवू? मी फेडीन. पै न् पै फेडीन."

त्यांनी हप्त्यांची वाट धरली. दुकान लवकर उघडू लागले, उशिरा बंद होऊ लागले. बायकोने दवाखान्याच्या चादरी धुण्याचे काम धरले. पण मालकांचे मनगट दुखू लागले, हात थरथरू लागला आणि लोक गुपचूप दुसरीकडे जाऊ लागले. एका हप्त्याला पैसे कमी पडले, तेव्हा त्यांनी घरी न सांगता जुन्या सामानाचा व्यापारी बोलावला.

मला टेम्पोत चढवताना बायको नेमकी आली. "अहो, खुर्चीला कुणी हात लावणार नाही, असं वकीलसाहेब म्हणाले होते ना?"

"कुणी नाहीच लावला," मालक खाली बघत म्हणाले. "मीच लावला."

पुढे ती व्यापाऱ्याकडे माझी किंमत विचारायला आली, तेव्हा बाकीचे कळले. माझ्या पैशांत तो एक हप्ता भागला. पुढचा चुकला, सवलत रद्द झाली आणि शेवटी मालकांना पहिलीच वाट धरावी लागली. स्कूटर गेली. कर्ज माफ झाले. पण खुर्चीवाचून दुकान कसले? मालक आता दुसऱ्याच्या दुकानात पगारावर उभे असतात. व्यापाऱ्याने माझी किंमत सांगितली. ती माझ्या उशीवरची धूळ पदराने पुसून निघून गेली.

आज मी एका कपड्यांच्या दुकानात शोभेला आहे. लोक माझ्यावर बसून फोटो काढतात. मला रोज पॉलिश होते. कुणाचा एक केसही कापला जात नाही.

मित्रांनो, माझी निगा राखा, असे मी म्हणणार नाही. ती राखली जाते आहे. घरात कर्जाची कुजबुज ऐकू आली, तर मोठ्यांना एवढेच सांगा: जाणत्या माणसाला वेळेवर विचारा, आणि तो सांगेल ते ऐका. माझ्या मालकांच्या बायकोने विचारले होते. मालकांनी ऐकले नाही.