सहा दहाच्या नोंदी

बायको जाऊन तेवीस दिवस झाले होते. दहा दिवसांपूर्वी त्याने मेहुणीकडून घराची किल्ली परत मागून घेतली. कारण सांगितलं नाही. ती काय समजायची ते समजली.

शेवटच्या महिन्यात औषधं तीच असूनही बायकोची तब्येत उतरत गेली. प्राणवायूचं यंत्र मध्येच बंद पडत असणार, असं त्याच्या मनाने घेतलं. दिवसभर तो कारखान्यात इलेक्ट्रॉनिक बोर्ड दुरुस्त करायचा, घरी मेहुणी असायची. खाटेजवळ सॉकेट एकच, आणि मेहुणीच्या फोनची बॅटरी मात्र सदा भरलेली. कुठेतरी पाणी मुरत होतं.

यंत्र भाड्याचं. उद्या कंपनीचा माणूस ते नेणार आणि दुसऱ्या रुग्णाकडे पाठवण्याआधी जुन्या नोंदी पुसणार. आज कळलं तर कळलं.

दुपारी मेहुणी बहिणीचे कपडे न्यायला आली, तेव्हा यंत्राचं झाकण उघडं होतं आणि आतल्या बोर्डापासून लॅपटॉपपर्यंत वायर गेली होती.

"भाऊजी, हे काय मांडून बसलात?"

"बस. प्लग कोण काढत होतं, ते तुझ्यासमोरच बघू."

ती कपडे मांडीवर घेऊन बसली. म्हणाली, "बघा. आणि जे निघेल ते माझ्या तोंडावर सांगा."

बोर्डावरची चिप नखाएवढी. त्या घराण्यातल्या चिपा त्याने वीस वर्षं हाताळल्या होत्या. लहानमोठ्या सगळ्यांच्या पोटात वीज गेली तरी न पुसली जाणारी थोडी जागा असते. या यंत्रात चिप पुन्हा सुरू होताना आपण कधी, किती वेळ आणि का थांबलो होतो ते तिथे लिहायची. प्लग काढला तर एक खूण. विजेचा दाब घसरला तर दुसरी. प्रोग्रॅम कुठे अडकला आणि आतल्या पहारेकरी घड्याळाने तो पुन्हा सुरू केला, तर तिसरी. बटणाने बंद केलं तर चिप नुसती झोपते, बटण दाबलं की उठते, त्याची चौथी.

प्लगची खूण एकच निघाली, यंत्र घरी आलं त्या दिवसाची. दाबाची नाही, पहारेकऱ्याची नाही. बटणाच्या सव्वीस.

मेहुणी सापडली, असं त्याला वाटलं. मग त्याने वेळा वाचल्या. सहा दहा. सहा आठ. सहा बारा. दर वेळी अर्धा तास, शेवटी शेवटी पाऊण तास.

"तू किती वाजता निघायचीस?"

"साडेपाचला. तुमचं जेवण झाकून. माहीत नाही का तुम्हाला?"

तो यायचा सहाला. हातपाय धुऊन खाटेशी बसेपर्यंत यंत्राची घरघर थांबलेली असायची. संध्याकाळी यंत्राला विश्रांती द्यायला डॉक्टरांनी सांगितलंय, असं बायको म्हणाली होती. बटण तिच्या उशाशीच होतं. यंत्राला विश्रांती लागते, असं कारखान्यात कोणी म्हटलं असतं तर त्याने त्याला वेड्यात काढलं असतं. घरी त्याने विचारलंच नाही. तिचा आवाज फार बारीक झाला होता, त्या घरघरीत तो ऐकू यायचा नाही, आणि यंत्र थांबलं की दोघं बोलत बसायची.

"मग?" मेहुणीने विचारलं. "कोण होतं?"

"तीच. मी होतो समोर," तो म्हणाला.

त्याने खिळ्यावरची किल्ली काढून तिच्या मांडीवरच्या कपड्यांवर ठेवली. तिने ती उचलली नाही, परतही केली नाही.

"आधी झाकण लावा," ती म्हणाली. "उद्या माणूस येईल."

स्क्रू चार होते. त्याला तीनच सापडले. चौथा शोधायला ती खाली वाकली.