तुझबुलाकची मीठटंचाई

आमच्या तुझबुलाकमध्ये मिठाला तोटा असायचं कारणच नाही. गावामागचा अख्खा डोंगर मिठाचा. आमची गुरं जाऊन तो चाटतात. तरी त्या वर्षी गावात मिठावरून धक्काबुक्की झाली, आणि त्यात मीही होते, हे आधीच सांगून टाकते.

बुरुलचा हिचं दुकान शाळेसमोर; सगळं गाव तिला आपा, म्हणजे ताई, म्हणतं. आधी ती त्याच शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. पगारात भागेना म्हणून तिनं दुकान टाकलं. त्या वसंतात सोम या आमच्या चलनाच्या नोटांचं काही खरं नव्हतं. पिठाचा भाव सकाळी एक, दुपारी दुसरा. फळ्यावर भाव लिहून लिहून खडू संपले, तेव्हा आपा तोंडीच भाव सांगू लागली. गिऱ्हाईक यायचं, विचारायचं, सुस्कारा टाकून जायचं.

एका सकाळी तिनं फळीवरच्या मिठाच्या पुड्या उचलून आत ठेवल्या. दोन वर्षांत कुणी त्यांना हात लावला नव्हता. तिला तिथं बादल्या मांडायच्या होत्या. तेवढ्यात इसाकून आजोबा आले. गावातले सगळ्यांत वयस्क, रोज तासभर गप्पा मारून एखादी काडेपेटी घेणारे.

“मीठ कुठं गेलं?”

“आत ठेवलंय.”

“का?”

“जागा अडत होती.”

“हं,” आजोबा म्हणाले आणि काही न घेताच उठले.

दुपारी दुकानासमोर चाळीस बायका. मी अकरा पुड्या घेतल्या. का, ते आजही सांगता येणार नाही. शेजारची काल्बू दोन्ही हातांनी घेत होती आणि मी तिला कोपरानं ढकलत होते, एवढं आठवतं.

आपा स्टुलावर चढून ओरडली, “अगं बायांनो, मिठाची टंचाई नाहीये! भरपूर मीठ आहे!”



“ऐकलंत?” काल्बू हळूच म्हणाली. “हिला असं सांगायला लावलंय.”

मग जी झुंबड उडाली, तीत दाराची कडी निखळली.

“समोर बघा!” आपानं डोंगराकडे बोट केलं. “तो कशाचा आहे?”

“तो आपला आहे,” इसाकून आजोबा मागून म्हणाले. “संपणार आहे ते दुकानातलं.”

रात्रभर आपा धुमसत होती. ज्या बायकांकडून तिनं शाळेत मिठाचं रासायनिक सूत्र घोकून घेतलं, त्याच तिच्यासमोर वेड्यासारख्या वागत होत्या. सकाळी ती गाढव घेऊन डोंगरावर गेली, दोन पोती खडे आणले, हातोड्यानं फोडले आणि घमेल्यात भरून दाराशी ठेवले. वर पाटी: ‘फुकट. हवं तेवढं न्या.’

आम्ही सगळ्या लांबून बघत राहिलो.

“फुकट म्हणजे त्यात काहीतरी कालवलंय,” काल्बू म्हणाली.

“अगं, तुझी गाय हेच चाटते रोज!”

“गाईला काय कळतंय आपा?”

संध्याकाळपर्यंत एक खडा हलला नाही. दुसऱ्या दिवशी आपानं ती पाटी पुसली आणि लिहिलं: ‘माणशी एकच डबा. विकत.’ तासाभरात घमेलं रिकामं. मी तीनदा रांगेत उभी राहिले, दर वेळी डोक्याला नवा रुमाल बांधून.

“रुमाल बदललास,” आपा मला म्हणाली, “पण नाक तेच आहे.”

डबा मात्र दिला. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं आणि डोळ्यांत पाणी. “मी माझ्याच विद्यार्थिनींना त्यांचाच डोंगर विकतेय गं,” ती म्हणाली.

आठवड्यानं शहराकडून एक ट्रक आला. आमच्या हालांची बातमी तिकडं पोचली होती. टंचाईग्रस्त गावासाठी कुणीतरी मदत पाठवली होती. ड्रायव्हर खाली उतरला, त्यानं डोंगराकडे पाहिलं, बोट ओलं करून जमिनीवरचा पांढरा थर चाखला.

“मीठ नाही ते गाव हेच का?” त्यानं विचारलं.

मिठाची पोती उतरवून तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी सगळं गाव पुड्या परत करायला आपाच्या दारात.

“पैसे परत मिळणार नाहीत,” आपा म्हणाली. “कालच्या पैशांना आज काय किंमत आहे, ते तुम्हीच सांगा.” मग जरा विचार करून म्हणाली, “मालाच्या बदल्यात घेईन. चार पुड्यांना चहाचा एक डबा.”

दुसऱ्या दिवशीही चारच. महिन्यानंही चारच. गावात एवढी एकच गोष्ट जागेवर राहिली होती. मग चांभारानं मिठावर बूट शिवले, न्हाव्यानं दाढी केली. काल्बूनं मुलीच्या लग्नात नवऱ्यामुलाकडच्यांना सहा पोती दिली आणि त्यांनी ती मानानं मोजून घेतली.

पुढच्या वर्षी नोटा जरा सावरल्या आणि मिठाचा व्यवहार आपोआप बंद पडला. गावातली बाकी दोन्ही दुकानं तोवर बुडाली होती. आपाचं टिकलं. कुणी कौतुक केलं की ती ओशाळते आणि विषय बदलते. इसाकून आजोबा मात्र चारचौघांत सांगत सुटतात, की आपण वेळेवर सावध केलं म्हणून गाव वाचलं.

आपा त्यांना नुसता चहा ओतते.