लाल पट्टी मी पाहिली आहे

विषय : विमान हेलकावल्याने सेविकेच्या घोट्याला झालेली दुखापत व त्याबाबतचा तिचा अर्ज.

मी विमानातली चहा-जेवणाची ट्रॉली बोलतेय. अंगाने अरुंद, भरल्यावर माणसापेक्षा जड. पायाशी दोन पट्ट्या आहेत. लाल दाबली की ब्रेक लागतो, हिरवी दाबली की सुटतो.

अकरा वर्षं नोकरी झालेली ताई मला ढकलायची. माझं चाक कुरकुरलं की म्हणायची, "बाई गं, तुझे गुडघे माझ्याआधी गेले."

त्या दुपारी पट्टे बांधण्याची खूण लागली. हेलकावे वाढले की मला ब्रेक लावून सेविकेने मिळेल तिथे बसायचं, असा नियम आहे. तो करणाऱ्याने कधी चहा वाटलेला नसावा.

"ताई, बसा ना," मागची धाकटी सेविका म्हणाली.

"दोनच रांगा राहिल्यात गं. अर्ध्यांना मिळाला नाही तर तक्रार आपल्याच नावाने."

तेवढ्यात खिडकीजवळचे काका म्हणाले, "मॅडम, मी बिनसाखरेचा सांगितला होता."

विमान थरथरलं. ताईने लाल पट्टी दाबली, पण बसली नाही. उकळता चहा काकांवर सांडेल म्हणून किटली धरून राहिली. विमान एकदम खाली गेलं, आम्ही दोघी वरच राहिलो. चाकं टेकलेली असली तरच ब्रेक धरतो, हवेत नाही. आधी ताई आपटली, मग तिच्या घोट्यावर मी. काकांचा शर्ट तेवढा भिजला.

ताईचा पाय सोडवायला धाकटीने हिरवी पट्टी दाबून मला मागे ओढलं. नंतर चौकशीचे साहेब आले. फॉर्मवर रकाना होता : ब्रेक लावला होता काय? साहेब वाकले, सुटलेला ब्रेक पाहिला आणि 'नाही'वर खूण केली.

"साहेब, तो मी सोडवला," धाकटी म्हणाली.

"अहो, पण मी आलो तेव्हाची स्थिती लिहायची असते."

घोट्यात तीन स्क्रू आहेत, ताई आता उडू शकत नाही. दुखापत कामावरची ठरली तर कचेरीत काम मिळेल, निष्काळजीपणा ठरला तर घरी बसावं लागेल. कुबडी टेकत येऊन तिने फेरचौकशीचा अर्ज दिला. धाकटीने सोबत लेखी जबाब जोडला.

मला 'पुरावा' अशी चिठ्ठी लावून कोठारात ठेवलंय. दार वाजलं की वाटतं, आता कोणीतरी विचारेल. येतात ते डबे मोजून जातात. मला एकदाच विचारा हो, एवढंच मागणं आहे.

चार महिने झाले. अर्ज साहेबांच्या टेबलावर आहे. निर्णय झालेला नाही.