राष्ट्राध्यक्षांच्या भाषणात वाजलेली घंटा

मी एक जुना, तळ कापलेला गॅसचा सिलिंडर आहे. समुद्राकाठी नीरफणसाच्या झाडाला मला साखळीने टांगले आहे आणि गावातले सगळे मला घंटाच म्हणतात. मित्रांनो, तुमच्या घरी माझे भाऊबंद शेगडीशेजारी मुकाट उभे असतील. मीही एके काळी तसाच होतो.

माझा जन्म दूर ऑस्ट्रेलियातल्या एका कारखान्यात झाला. जहाजात आडवा पडून सोळा दिवस हिंदकळत मी या बेटावर आलो. बेट असे चिंचोळे, की एका काठावर उभे राहिले तर दुसऱ्या काठाच्या लाटा ऐकू येतात. इथल्या विश्रामगृहात मी अकरा वर्षे भात आणि मासे शिजवले. साहेब लोक जेवणाची तारीफ करत, स्वयंपाक्याची करत. माझी कुणी केली नाही. मग माझी चावी झिजली आणि लोकांनी मला मागच्या अंगणात लोटून दिले. कोंबड्या माझ्या आडोशाला अंडी घालू लागल्या. डुकरे येऊन अंग घासून जात.

तिथून मला बाउरो आजोबांनी उचलले. गावच्या म्हाताऱ्यांमध्ये ते सगळ्यांत थोरले. त्यांनी आधी मला काठोकाठ पाण्याने भरले, उरलासुरला गॅस घालवला आणि मग दोन दिवस खपून करवतीने माझा तळ कापला. मला मानेआबाशेजारी, म्हणजे गावाच्या सभाघराशेजारी टांगले. लोखंडी कांबीचा पहिला टोला बसला तेव्हा माझ्या अंगातून एवढा मोठा आवाज निघाला की मीच दचकलो. इतकी वर्षे तो कुठे दडून बसला होता कोण जाणे!

सभेसाठी तीन टोले आणि कुणाची होडी हरवली तर न थांबता घणघण, असा नियम ठरला. ती घणघण ऐकली की जेवणारा ताटावरून उठतो आणि प्रार्थनेला बसलेलाही किनाऱ्याकडे धावतो. टोले देण्याचे काम नेई तेकाराकडे आले. नेई म्हणजे बाई. तेकारा पन्नाशीची विधवा. बोलायला फटकळ, पण हाताची नेमकी. माझ्या आवाजाने आजवर चार होड्या परत आल्या, हे मी अभिमानाने सांगतो.

मागच्या निवडणुकीच्या आधी राष्ट्राध्यक्षपदाचे एक उमेदवार आमच्या मानेआबात आले. चटईवर मांडी घालून बसले, शहाळे प्यायले. मोठ्या भरतीचे पाणी गावात शिरून विहिरी खारट होतात, हे ऐकून ते स्वतः विहिरीपाशी गेले आणि आत वाकून पाहिले. "मला निवडून द्या. वर्षाच्या आत इथे दगडी बांध उभा राहील," असे म्हणाले. गाव हरखून गेले. मतदानाच्या दिवशी तेकाराने घरोघर जाऊन बायकांना बाहेर काढले. ते निवडून आले तेव्हा सभेचे तीन टोले तिने इतक्या जोराने दिले की माझ्या कडेचा टवका उडाला. मला त्याचे काही वाटले नाही.

वर्ष सरले. सिमेंटची पोती घेऊन जहाज दोनदा आमच्यासमोरून गेले आणि राष्ट्राध्यक्षांच्या स्वतःच्या बेटाला लागले. भरतीचे पाणी पुन्हा गावात आले. आम्ही अळू लावतो ते खोल खड्डे खारावले, हत्तीच्या कानाएवढी पाने पिवळी पडून लोळली. लोक संध्याकाळी माझ्याखाली जमून चरफडू लागले.

"हा गडी पुढच्या खेपेला पडणार. माझा शब्द लिहून ठेवा," बाउरो आजोबा म्हणाले.

"पडतो कसला?" शाळेचे इओतेबा मास्तर म्हणाले. "निवडणुकीच्या तोंडावर घरटी तांदळाचं पोतं देईल, की सगळे गप्प. तो पुन्हा येणार, तोही वाढीव मतांनी."

तेकारा नारळ सोलत होती. ती फणकारली, "मास्तर, आजोबा, तुम्ही पुढच्या निवडणुकीचे पतंग उडवा. माझी विहीर आज खारट आहे. ती कुणाला मत देऊन गोड होणार ते सांगा!"

त्यानंतर दोनच महिन्यांत राष्ट्राध्यक्ष आमच्या बेटावर यायचे ठरले. म्हाताऱ्यांनी बैठक घेतली. पाहुणा मानेआबात बसला की त्याला उणे बोलायचे नाही, ही जुनी रीत. शिवाय तिथे बोलतात ते म्हातारेच. बायका मागे बसून ऐकतात. फक्त आभार मानायचे, असे ठरले. बाउरो आजोबांना ते रुचले नव्हते, पण रीत मोडायची कशी?

राष्ट्राध्यक्ष आले. हार झाले, नाच झाले, भाजलेले मासे झाले. ते भाषणाला उभे राहिले. "बांधाचं काम आमच्या मनात आहे. धीर धरा. पुढच्या कारकिर्दीत..." एवढे ते बोलले आणि तेकारा मागच्या रांगेतून उठून बाहेर आली. तिने कांब उचलली.

घणघणघणघण! न थांबता.

मित्रांनो, कुणीही हरवलेले नव्हते. मी तोवर कधी खोटा वाजलो नव्हतो. शरमेने मी गोठून गेलो होतो, पण घंटेला तोंड मिटता येत नाही. मानेआबा क्षणात रिकामा झाला. माणसे किनाऱ्याकडे धावली, तरण्यांनी होड्या पाण्यात लोटल्या. काय झाले ते पाहायला राष्ट्राध्यक्षही मागोमाग आले.

"कोण हरवलं? कुणाची होडी?" बाउरो आजोबा धापा टाकत ओरडले.

"राष्ट्राध्यक्ष हरवलेत," तेकारा म्हणाली.

"अगं बये, ते काय तुझ्या मागं उभे आहेत!"

"हे नव्हेत. निवडणुकीआधी आले होते ते. विहिरीत वाकून पाहणारे. वर्षात बांध घालतो म्हणणारे. आम्ही मतं त्यांना दिली होती. कुणाला दिसले का ते?"

कुणाला तरी हसू फुटले आणि लगेच दबले. एक लाट आली आणि राष्ट्राध्यक्षांचे बूट भिजवून गेली. बांध व्हायचा होता तो नेमका तिथेच.

"बाई," ते ओठ आवळून म्हणाले, "देश चालवणं म्हणजे होडी वल्हवणं नव्हे."

"खरं आहे. होडी वल्हवली की ती पुढं तरी जाते."

राष्ट्राध्यक्ष भिजल्या बुटांनीच निघून गेले. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यांनी तेकाराला बोलावले. हरवलेल्यांसाठीची घणघण खोटी वाजवणे हा आमच्याकडे मोठा अपराध आहे. उद्या खरेच कुणी बुडत असेल आणि लोक धावलेच नाहीत तर? तेकाराने मान खाली घातली. "घंटेपुरती मी चुकले," ती म्हणाली. शिक्षा अशी झाली, की तिने गावजेवण घालायचे आणि वर्षभर मला वाजवायचे नाही. तिने ती निमूटपणे मान्य केली.

पण आठवड्याने एक कारकून कागद घेऊन आला. राष्ट्राध्यक्षांची माफी मागितल्याचे लिहून तेकाराने खाली सही करायची होती. तिने कागद हातात घेतला, वाचला आणि परत दिला. "यांची माफी मी मागणार नाही. मला गावातून काढलंत तरी नाही."

सगळे बाउरो आजोबांकडे पाहू लागले. शिक्षा त्यांनीच सुनावली होती. आजोबा काठी टेकत सावकाश उभे राहिले.

"साहेबांना सांग, घंटेशी बाई खोटं वागली, तिला गावानं शिक्षा केली. गावाशी साहेब खोटं वागले, त्यांचं काय करायचं ते गाव पुढच्या निवडणुकीत बघेल."

"म्हणजे साहेब पडणार असं तुमचं भाकीत आहे?" कारकुनाने विचारले.

"भाकितं मास्तर करतात. मी तुला साहेबांच्या निवाड्याची तारीख सांगतोय."

मग ते मागे वळले. "तेकारा, पोरी, पुढच्या सभेपासून तू माझ्या शेजारी पुढं बसायचं. जे बोलायचं ते तोंडानं बोल. माझ्या घंटेला कामाला लावू नकोस."

काही म्हातारे कुरकुरले, पण ती पुढे बसली ती बसलीच. पहिल्याच सभेत तिने ठरवून घेतले, की सरकार येवो न येवो, ओहोटीला प्रत्येक घराने प्रवाळाचे दहा दगड रचायचे. आज तो बांध गुडघाभर आहे. मोठी भरती त्याला अजून जुमानत नाही, अर्धा पाडून जाते. लोक शिव्या देतात आणि पुन्हा रचतात.

निवडणूक अजून दोन वर्षे दूर आहे. कोण पडेल, कोण येईल, यावर माझ्याखाली रोज वाद रंगतो. मला त्यातले काही कळत नाही. खाऱ्या वाऱ्याने माझे अंग पापुद्र्यांनी सुटत चालले आहे, एवढे मात्र कळते. मित्रांनो, तुमच्याही गावात माझ्यासारखे काहीतरी टांगलेले असेलच. त्याचा गंज खरवडा, साखळीला तेल द्या. खोट्या कारणासाठी त्याला कधी वाजवू नका. पण कारण खरे असेल, तर समोर कोण बसले आहे ते पाहत बसू नका.