नऊ थेंब

भिंगकाकांनी लॅपटॉप पालथा केला, कपाळावरचं भिंग डोळ्यावर ओढलं आणि पहिल्याच स्क्रूपाशी थांबले.

"ही माझी लाली नाही," ते म्हणाले.

जिन्याखालच्या त्या दुकानात उंच माणसाला सरळ उभं राहता येत नसे. काका उंच नव्हते, त्यामुळे त्यांचं निभावलं होतं. आधी ते घड्याळं दुरुस्त करायचे. घड्याळं बंद पडायची थांबली नाहीत, ती घेऊन येणारी माणसं थांबली. मग काका लॅपटॉपकडे वळले. जुनी सवय मात्र राहिली. काहीही उघडून बंद केलं की प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर बायकोच्या नेलपॉलिशचा एक थेंब. भडक नारिंगी. उघडणाऱ्याने खुशाल उघडावं, पण आपल्या माघारी उघडलं हे कळावं, एवढाच हेतू.

लॅपटॉप घेऊन आलेल्या तिने काउंटरवरून वाकून पाहिलं. थेंब होते, नऊच्या नऊ. पण नारिंगी नव्हते. वांग्याच्या सालीसारखे जांभळे होते.

त्या जांभळ्या रंगाची बाटली तिच्या ओळखीची होती. भाचीच्या लग्नासाठी आणलेली, एकदाच लावलेली आणि 'या वयात कुठे मिरवायचं' म्हणून दुसऱ्या दिवशी पुसून टाकलेली. घरी आरशामागच्या कप्प्यात, खोकल्याच्या औषधाशेजारी होती. तिने काउंटरवरचे हात खाली घेतले. नखं कोरीच होती, तरी घेतले.

"घरी कोणी उघडला होता का, ताई?"

"नाही हो."

"मग लॅपटॉपनेच नटायचं मनावर घेतलं असेल." काका स्क्रू फिरवू लागले. "पण काम सफाईदार हां. थेंब बघा, सगळे एका मापाचे. माझेसुद्धा असे पडत नाहीत."

तिला बघायची गरज नव्हती. तिच्या नवऱ्याने सव्वीस वर्षं पंपांच्या कारखान्यात तयार माल तपासला होता. केसाएवढा फरक असला तरी तो पंप बाजूला काढायचा. आठ महिन्यांपूर्वी कारखान्याने तो विभागच बंद केला आणि त्यालाच बाजूला काढलं.

पत्रा निघाला. काकांनी चिमट्याने आत बोट दाखवल्यासारखं केलं.

"हं. इथे रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. दुसरी मीच बसवली होती, दोन वर्षांपूर्वी. आता एकच आहे. दुसरी जागा रिकामी."

"पण चालू तर होतो..."

"चालू होतो. चालत नाही." त्यांनी भिंग वर सारलं. "कसं आहे, महागड्या मशिनात चित्रं काढणाऱ्या चिपला स्वतःची वेगळी मेमरी असते. वेगळी चूल म्हणा. तुमच्या या स्वस्तातल्या लॅपटॉपात एकत्र कुटुंब. चित्राला लागेल तेवढं ती बाकीच्यांच्या ताटातूनच उचलणार. दोन पट्ट्या होत्या तोवर भागत होतं, दोन बाजूंनी वाढपी होते. आता ताटात अर्धं आणि वाढपीही एक. तुमचं ते थ्रीडीचं काम म्हणजे खादाड पाहुणा. सगळेच उपाशी राहणार."

ती हसली नाही. तीन महिने ती उपाशीच काम करत होती. चित्रातल्या ओट्याखालचा एक ड्रॉवर उघडून दाखवायचा तर लॅपटॉपचा पडदा दोनदा गोठायचा. नवऱ्याला विचारलं तेव्हा तो मान वर न करता म्हणाला होता, "अपडेट आलं असेल काहीतरी." तिनेही ते खरं मानलं होतं. स्वयंपाकघरं पडद्यावर उभी करायला ती एकटीने, फुकटचे धडे बघून शिकली होती. कपाटाची खोली किती, बिजागरी कुठली, दार उघडलं तर कुणाच्या डोक्याला लागेल, सगळं तिला तोंडपाठ. लॅपटॉपच्या पोटात काय आहे ते मात्र तिने कधी पाहिलं नव्हतं.

"मेमरी किती दाखवतंय ते बघत नाही का कधी?"

"ते हे बघतात," ती म्हणाली.

काकांनी उगाच एक डबी उघडली आणि बंद केली.

"आज चार वाजता मला दाखवायचंय," ती म्हणाली. "ते मोठं किचनचं शोरूम आहे ना, तिथे. नोकरी आहे, कायमची. त्यांच्यासमोर, आपल्याच लॅपटॉपवर, पूर्ण स्वयंपाकघर फिरवून दाखवायचं. काही करा ना, काका. सेटिंगमधून चित्राचा वाटा वाढवता येतो म्हणतात."

"येतो. तुमच्या लॅपटॉपच्या कंपनीने त्याला कुलूप घातलंय. आणि उघडलं असतं तरी ताट तेवढंच." त्यांनी खणातून एक पट्टी काढून तिच्यासमोर धरली. "माझ्याकडे ही आहे, पण जुन्या जातीची. हिची खाच वेगळ्या जागी. दाबून बसवली तर पट्टीचंही वाटोळं आणि जागेचंही. नवी मागवली तर शनिवारी येईल."

आज गुरुवार होता.

पत्रा परत बसला. काकांनी नारिंगी बाटली हातात घेतली, जरा विचार केला आणि न उघडताच खाली ठेवली. त्याऐवजी पेनाएवढा एक स्क्रूड्रायव्हर तिच्यापुढे सरकवला.

"असू द्या. परत आणून द्या कधीतरी. पट्टी काढून बसवायची म्हणजे दहा मिनिटांचं काम आहे. कुठे असेल ती, हे तुम्हाला ठाऊक असलं तर."

ठाऊक होतं. घरात दोन लॅपटॉप होते, एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतलेले जुळे भाऊ. सुरुवातीच्या एका ऑनलाइन मुलाखतीत नवऱ्याच्या पडद्यावर त्याचा चेहरा मध्येच अडकला होता, तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. पलीकडचा तरुण हसून म्हणाला होता, "सर, तुम्ही पुतळा झालात." बाहेरच्या खोलीत तिने ते ऐकलं होतं. त्या दिवशी तो जेवला नव्हता.

घरी येईपर्यंत तिची वाक्यं तयार झाली होती. अहो, विचारून घ्यायचं ना. नाही, हे फारच मऊ. अहो, चोरी कशाला घरच्या घरात? तिसरं वाक्य जिन्यात सुचलं, ते सगळ्यात धारदार होतं.

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मंगळवारी आणि गुरुवारी साडेबारा वाजता त्याच्या मुलाखती असत. ती विसरली होती.

"हो सर," आतून त्याचा आवाज आला. "नाही सर, तो निर्णय माझाच होता. माल परत आला असता, त्यापेक्षा मी थांबवला."

कारखान्यातला आवाज. कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. तिने चपला न वाजवता काढल्या आणि स्क्रूड्रायव्हर मुठीत धरून गॅलरीत गेली. तिथल्या खिडकीतून त्याच्या लॅपटॉपचा पडदा दिसे. मुलाखत संपली की लगेच आत जाता आलं असतं.

तो इस्त्रीच्या शर्टात ताठ बसला होता, खाली घरातली पँट. लॅपटॉपच्या पडद्यावर त्याचाच चेहरा होता, या कडेपासून त्या कडेपर्यंत. शेजारी दुसरा चौकोन नव्हता. कुणाचं नाव नव्हतं. फक्त तो.

"अपेक्षा म्हणाल तर..." तो म्हणाला, आणि थांबला. समोरचा काहीतरी बोलला असावा अशी मान हलवली. मग हलकेच हसला, न झालेल्या विनोदाला. पडद्यावरचा तोही त्याच क्षणी हसला. कुठे अडकलं नाही, ओठ आणि आवाज बरोबर जुळत होते.

वाळत घातलेल्या चादरीआड ती उभी राहिली. मंगळवार. गुरुवार. किती झाले असतील, याचा हिशेब तिने केला नाही.

"धन्यवाद सर. वाट बघतो," तो म्हणाला, आणि हात जोडले.

तिने चपला परत घातल्या आणि दार ओढून घेतलं.

शोरूममध्ये चकचकीत ओट्याभोवती तिघे बसले होते. मालकीणबाई मधे. तिने स्वयंपाकघर उघडलं. आधी भिंती आल्या, मग बऱ्याच वेळाने फरशी. उंच कपाटाशी वळताना पडदा गोठला. सगळे कपाटाच्या अर्ध्या उघड्या दाराकडे बघत राहिले.

"इथे बिजागरी नव्वद अंशांवर थांबणारी घेतलीय," ती पडद्याची वाट न बघता म्हणाली. "म्हणजे खिडकीवर दार आपटणार नाही."

"ते छान आहे," मालकीणबाई म्हणाल्या. त्या खरंच बोलत होत्या. "पण आमच्याकडे गिऱ्हाईक समोर बसतं हो. असं थांबलं की ते मोबाइल काढतं. लॅपटॉप तुमचाच ना?"

"माझाच."

"कळवतो हं."

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नवरा चहा टाकत होता. शर्ट घडी करून खुर्चीवर ठेवलेला होता.

"कसं झालं?"

"बरं झालं. कळवतो म्हणाले."

त्याने मान डोलावली. "माझीही चांगली झाली आज. कळवतो म्हणाले."

तिने पर्स खुंटीला न लावता मांडीवर घेतली. आतला स्क्रूड्रायव्हर किल्ल्यांवर वाजला, तशी तिने वरून हात ठेवला.

"लॅपटॉपचं काय निघालं?" त्याने विचारलं. पाठ तिच्याकडेच होती. गाळणी हातात धरून तो थांबला होता.

"धूळ," ती म्हणाली. "पंख्यात धूळ साचली होती."

चहा गाळायला त्याला फार वेळ लागला.

"मला सांगायचंस," तो शेवटी म्हणाला. "मी केली असती साफ."

"तुमची मुलाखत होती ना," ती म्हणाली, आणि कपासाठी हात पुढे केला.