उंबराच्या पाण्याला कमी पडलेला दोर

मी दोर बोलतोय. जॉर्जिनाच्या विहिरीचा, काथ्याचा, अंगावर सहा गाठी असलेला. गाठी जन्माच्या नाहीत. पाणी खाली गेलं की जॉर्जिना मला दोन हात तुकडा जोडते. मग ती गाठ कप्पीवर अडखळत राहते, आणि मला ते मुळीच आवडत नाही.

ठाण्याच्या घोडबंदर भागात, खाडीकडे उतरणाऱ्या एका गावात आमचं घर. मी आलो तेव्हा एप्रिलातही पोहरा लगेच पाण्याला टेकायचा. जॉर्जिना विहिरीभोवती माठ, मुळा लावायची.

तिचा नवरा सेलेस्टीन कंपनीतून रिटायर झाला. चहूकडे टॉवर उठत होते, बांधकामाच्या परांचीला लाकडी बल्ल्या हव्या होत्या. लवकर वाढते म्हणून त्याने विहिरीमागच्या भातखाचरात निलगिरी लावली. विहिरीवर पंप बसवला, रोपांना ठिबक अंथरलं. दोन उन्हाळे त्याने ती पोरांसारखी जपली, खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या वर्षी झाडं घरापेक्षा उंच झाली. सेलेस्टीनने ठिबकच्या नळ्या गुंडाळून माळ्यावर टाकल्या, पंप विकला.

"आता यांना पानी लागत नाय," तो म्हणाला.

त्याच उन्हाळ्यात मला पहिली गाठ पडली.

माणसाला आपल्या हाताने दिलेलं पाणी तेवढं दिसतं. टॉवरच्या बोअरवेलही पीत होत्या, सगळं पाप झाडांच्या माथी मारणार नाही. पण विहिरीच्या दगडांतून निलगिरीची मुळं आत आलेली मी रोज वर-खाली जाताना पाहिली आहेत.

"झाडं पितात, तुमाला दिसत नाय," जॉर्जिना म्हणायची.

"पाऊसच कमी झालाय गं," हे त्याचं ठरलेलं उत्तर. तिचा माठ गेला, मुळा गेला.

या मे महिन्यात त्यांच्या नातीचं, स्वीडलचं लग्न होतं. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका बँड लावून विहिरीवर येतात. उंबराचं पाणी म्हणतात त्याला. त्याच पाण्याने नवरीची आंघोळ होते. जॉर्जिनाच्या लेकीचीही याच विहिरीच्या पाण्याने झाली होती.

जॉर्जिनाने मला सोडलं. मी संपलो, पोहरा अधांतरी लटकत राहिला. बँड थांबला. कोणीतरी हळूच म्हणालं, "टँकरचं घ्या ना."

त्या क्षणी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जॉर्जिना घरात गेली, आपलं लग्नातलं लुगडं घेऊन आली आणि माझ्या वरच्या टोकाला बांधलं. पोहरा तळाला टेकला. वर आलं ते तांब्याभर गढूळ पाणी. ती ते पदरातून गाळत असताना सेलेस्टीन समोर उभा होता.

"चुकलं माझं, जॉर्जिना," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "तू सांगत होतीस."

लग्न झालं आणि त्याने विहिरीलगतच्या दोन रांगा तोडल्या. झाड विहिरीवर पडू नये म्हणून बुंध्याला मलाच बांधून ओढलं. आता खोडांना पुन्हा कोंब फुटतात. दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की तो ते मोडत बसतो. बाकीची झाडं उभी आहेत. तो त्यांच्याकडे बघतो आणि मान खाली घालतो.

पाणी अजून वर आलेलं नाही. जॉर्जिना रोज ते लुगडं हातात धरून पाणी काढते, त्याची जरीची किनार उसवत चालली आहे.

तुम्हीही झाडं लावाल, जरूर लावा. फक्त नळ्या गुंडाळल्यावर एकदा विहिरीत वाकून बघा. माझं म्हणाल, तर या सहा गाठी राहिल्या तरी चालतील. तेवढं पाणी वर येऊन तिचं लुगडं माझ्या टोकावरून सुटू दे.